पॅरिसचें बिस्त्रो आणि आमची खाणावळ

पॅरिस शहराच्या एखाद्या जुन्या मोहल्ल्यांत सायंकाळीं साडेसात-आठच्या सुमारास फिरावयास निघालें असतां कोठेंतरी कोपऱ्यावर एक लहानसें भोजनगृह दृष्टीस पडतें. त्यास तेथील लोक 'बिस्त्रो' म्हणतात. आंत शिरतांच धातूच्या पत्र्यानें मढविलेला एक लांब ओटा लागतो. त्याच्याशीं उभ्याउभ्याच पेला रिता करणारे दोन-चार इसम असतात. भिंतीवर काळी पाटी टांगलेली असून तिच्यावर आजचे पदार्थ खडूनें लिहिलेले असतात. टेबलें इतकीं जवळजवळ मांडलेलीं कीं शेजाऱ्याचें कोपर आपल्या कोपरास लागावें. पाव कापण्याचा आवाज, काट्याचमच्यांचा खणखणाट, मालकिणीच्या हांका आणि या सगळ्यांवर मात करणारा गिऱ्हाइकांचा गलका. शांतपणें जेवावयाचें असेल त्यानें तेथें जाऊं नये, हें उत्तम.

तेथें गेलेला आपल्याकडील प्रवासी परत आल्यावर कांद्याच्या सूपाची, मंद आंचेवर तासन्‌तास शिजविलेल्या मांसाची, नाहींतर तेथल्या पावाची वाखाणणी करतो. ती योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचें लक्ष पानांतल्या पदार्थांपेक्षां पानावर बसलेल्या माणसांकडे अधिक जातें. ज्यास तेथें कोणी ओळखत नाहीं असा मनुष्य आंत येतो, मोकळी असेल त्या खुर्चीवर कोणाच्याहि शेजारीं बसतो, आणि 'आपण कोण, कोठचे' असें त्यास कोणी विचारीत नाहीं. त्याच वेळीं, ज्यास सर्व ओळखतात असाहि एक मनुष्य तेथें बसलेला असतो. त्याची खुर्ची ठरलेली, त्याची आवड मालकिणीस पाठ, आणि महिन्याच्या अखेरीस त्याचे पैसे थोडे मागेंपुढें झाले तरी चालावयाचे. परका आणि शेजारी असे दोघेहि एका छपराखालीं जेवतात, हें बिस्त्रोचें खरें वैशिष्ट्य होय.

आमच्या महाराष्ट्रांत यांपैकीं शेजारी पुष्कळ पूर्वीं पानावर बसला. परका बसण्यास फार दिवस लागले, आणि तो बसावा म्हणून कित्येकांस मार खावा लागला, कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें, व अखेर कायदा करावा लागला. आजच्या भाषणांत तो इतिहास सांगण्याचा विचार आहे.

फ्रान्समध्यें ही सोय अनादि कालापासून होती असें मात्र कोणी समजूं नये. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्यें परगांवच्या मनुष्यास जेवावयाचें झाल्यास 'ताब्ल दोत' म्हणजे यजमानाचें टेबल हाच मुख्य मार्ग होता. खाणावळवाल्यानें ठरविलेल्या वेळीं एका लांब टेबलाभोंवतीं सर्वांनीं बसावयाचें, आणि मध्यभागीं येतील ते पदार्थ वाटून घ्यावयाचे. रोजचे जेवणारे मोक्याच्या जागा धरून बसत आणि चांगले तुकडे त्यांच्याच ताटांत जात; नवखा टोंकाला बसून उरलेलें खाई. आपल्याकडील पंगतींत वाढपी ओळखीचा असला म्हणजे काय होतें, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही स्थिति अधिक समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

१७६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें एका नव्या तऱ्हेचीं दुकानें निघालीं. तेथें मांसाचा आटवून काढलेला कढ मिळे. अशक्त प्रकृतीच्या माणसास त्यानें पुन्हां तरतरी येते, म्हणून त्या कढालाच 'रेस्तोरां', म्हणजे पुन्हां उभें करणारा, असें नांव होतें. पदार्थाचें नांव पुढें दुकानास चिकटलें. बुलांजे नांवाच्या एका दुकानदारानें १७६५ सालीं प्रथम अशी पाटी लावली, त्यावर स्वयंपाक्यांच्या संघानें फिर्याद केली व तो जिंकला, अशी एक गोष्ट पुस्तकापुस्तकांतून छापलेली आढळते. अलीकडील संशोधकांनीं दप्तरें धुंडाळलीं तेव्हां तिला आधार सांपडला नाहीं. मातुऱ्यें रोझ द शांत्वाझो या उद्योगी गृहस्थाकडे मात्र या नव्या धंद्याच्या आरंभाचें श्रेय आज दिलें जातें.

नवें होतें तें काय? आजाऱ्याची भूक वेळेवर लागत नाहीं. म्हणून जेवण कोणत्याहि वेळीं मिळूं लागलें. आजाऱ्यास दुसऱ्याच्या ताटांतलें चालत नाहीं. म्हणून त्याचें टेबल वेगळें झालें. त्याला पथ्य असतें. म्हणून काय हवें तें त्यानें यादींतून निवडावें आणि तेवढ्याचेच पैसे द्यावे, अशी रीत पडली. प्रकृतीच्या निमित्तानें आलेली ही सोय धडधाकट लोकांनींहि लौकरच उचलली. राज्यक्रांतीच्या आधींच, १७८० नंतरच्या काळांत, राजघराण्याच्या सेवेंत राहिलेल्या आंत्वान बोव्हिलिये यानें पॅरिसमध्यें थाटाचें रेस्तोरां काढलें होतें. क्रांतीनें पुढें धंद्यांच्या संघांचे मक्ते मोडले, आणि अशा भोजनगृहांची संख्या वाढत गेली. ज्याच्या खिशांत पैसा असेल त्यास खुर्ची, हा न्याय तेथें रूढ झाला. पैशाचा न्याय हा कांहीं फार उदार न्याय नव्हे. तथापि जन्माच्या न्यायापेक्षां तो पुष्कळ बरा.

मजुरानें कोठें जेवावें हा प्रश्न मात्र राहिलाच होता. तो दुसऱ्याच लोकांनीं सोडविला. ड्यूव्हाल नांवाच्या एका खाटकानें १८५५ च्या सुमारास, उत्तम तुकडे विकून उरलेल्या मांसाचा रस्सा करून, मंडईंतील कामकऱ्यांस स्वस्तांत देण्यास आरंभ केला. अशा दुकानांस 'बुइयों', म्हणजे रस्सा, हेंच नांव पडलें. १८९६ सालीं शार्तिये बंधूंनीं काढलेलें असेंच एक भोजनगृह पॅरिसमध्यें आजहि चालू आहे. तेथें वाढपी बिलाचा हिशेब टेबलावर अंथरलेल्या कागदावरच करतो. आणि रोजच्या गिऱ्हाइकांचे हातरुमाल ठेवण्याकरितां केलेले लहान लहान लाकडी खण तेथें अजून दाखवितात. आपल्या हातरुमालाला शहरांत एक खण आहे, ही गोष्ट खेड्यांतून आलेल्या एकट्या कारकुनास काय वाटत असेल!

याच सुमारास ओव्हेर्न्य या डोंगराळ आणि गरीब प्रांतांतील लोक पोटासाठीं पॅरिसला येत. त्यांनीं प्रथम घरोघर पाणी वाहिलें, मग कोळसा विकला. आणि कोळशाच्या वखारींतच एका बाजूस दारूचें पीप ठेवून पेले भरून देण्यास सुरुवात केली. नवरा कोळसा पोंचवावयास गेला कीं बायको ओटा सांभाळी, आणि आपल्या घरासाठीं चुलीवर ठेवलेल्या भांड्यांतला रस्सा आल्यागेल्यास वाढी. पॅरिसमधील पुष्कळ बिस्त्रोंचा उगम अशा वखारींत आहे. 'बिस्त्रो' हा शब्द मूळचा रशियन असून १८१४ सालीं पॅरिसमध्यें शिरलेले रशियन शिपाई 'लौकर, लौकर' असें ओरडत त्यावरून तो पडला, अशी आख्यायिका आहे. माँमार्त्रच्या टेकडीवर तशी एक पाटीहि लावलेली आहे. परंतु हा शब्द छापील फ्रेंचमध्यें १८८० नंतरच्या दशकांत प्रथम दिसतो. सत्तर वर्षें शब्द तोंडांत धरून ठेवण्याइतका पॅरिसचा मनुष्य मितभाषी असल्याचें ऐकिवांत नाहीं! भिंतीवरच्या पाटीचा मात्र आणखी एक उपयोग सांगितला पाहिजे. पूर्वीं तिच्यावरच उधारी मांडीत. म्हणून फ्रेंच भाषेंत 'पाटी ठेवून जाणें' म्हणजे पैसे न देतां जाणें असा अर्थ झाला आहे.

हें सर्व डोळ्यांपुढें ठेवून आतां आपल्या मुलुखांतील एखाद्या गांवाकडे वळूं. हिंगणी हें वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांतील गांव. बोरच्या जंगलाकडे जाणारी वाट याच गांवावरून जाते. दीडशें-दोनशें वर्षांपूर्वीं हिंगणीसारख्या गांवीं दिवेलागणीस एखादा परका मनुष्य आला, तर त्यानें जेवावें कोठें? गांवांत जातभाई असेल तर प्रश्न मिटला. त्याच्या घरचें पान हक्काचें. तो नसेल तर देऊळ किंवा धर्मशाळा गांठावयाची. गांवांतील पाटील अथवा वाणी शिधा देई. हा 'शिधा' शब्द लक्षांत घेण्यासारखा आहे. पीठ, डाळ, मीठ, मिरची, तेल, सरपण हें सारें मिळावयाचें; शिजविलेलें अन्न तेवढें मिळावयाचें नाहीं. तीन दगडांची चूल मांडून ज्यानें त्यानें आपापली भाकर भाजून घ्यावी. देणाऱ्याचें मन कोतें होतें असें नव्हे. परक्यास अन्न द्यावें ही भावना पूर्ण होती; परंतु आपल्या हातचें त्याला चालेल कीं नाहीं, आणि तो आपल्या शेजारीं बसलेला आपणांस चालेल कीं नाहीं, या दोन शंकांतून काढलेली ती वाट होती. आणि ज्यास अस्पृश्य मानीत असा वाटसरू आला, तर त्यास देवळाची पायरी नाहीं व धर्मशाळेची ओसरीहि नाहीं. त्यानें गांवाबाहेरच्या वस्तींतच आपला मनुष्य शोधावयाचा.

बाजारांत विकत काय मिळे, हेंहि याच नियमानें ठरलें होतें. पाण्यांत शिजविलेला भात किंवा डाळ कोणाच्याहि हातची चालत नसे. परंतु भट्टींत भाजलेले फुटाणे, मुरमुरे, तसेंच तुपातेलांत तळलेले जिन्नस यांस विटाळाचा नियम पुष्कळ सैल असे. आमच्या गांवोगांवच्या बाजारांत भडभुंज्याची भट्टी व हलवायाचें दुकान आधीं आलें आणि शिजलेल्या जेवणाचें दुकान मागाहून आलें, त्याच्या मुळाशीं जिभेच्या आवडीपेक्षां हा नियम अधिक आहे असें माझें मत आहे. त्याच नियमाचें दुसरें टोंक असें कीं, ब्राह्मणाच्या हातचा भात बहुतेकांस चाले. म्हणून शहरांतून प्रथम पाट्या लागल्या त्या 'ब्राह्मणांची खाणावळ' अशा. पाटीवरील पहिला शब्द आंत शिजविणारा कोण हें सांगे, आणि कोणी आंत येऊं नये हेंहि न बोलतां सांगे.

१८६७ सालीं वर्ध्यावरून नागपुरापर्यंत आगगाडी सुरू झाली. गाडीच्या डब्यांत कोणाच्या शेजारीं कोण बसेल याचा नेम राहिला नाहीं. बसण्याचा विटाळ इंजिनाच्या वाफेंत विरघळला, असें त्या वेळच्या सुधारकांस वाटलें असल्यास नवल नाहीं. पण स्टेशनावर गाडी थांबली कीं फलाटावर आरोळी उठे, 'हिंदु पाणी! मुसलमान पाणी!' माणसें एका बाकावर बसूं लागलीं. त्यांच्या घागरी वेगळ्याच राहिल्या.

एकत्र खाण्यापिण्याची धिटाई महाराष्ट्रांत प्रथम झाली ती बंद दारांआड. १८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण हे तिच्यांतील प्रमुख. सभासद होणारानें ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव खावयाचा आणि मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावयाचें, हा तिचा दीक्षाविधि होता. ज्या देशांत पावाचा एक तुकडा ही दीक्षा होऊं शकते, तेथें भोजनगृह ही किती मोठी क्रांति असेल याचा अंदाज करावा! १८६० सालीं सभेच्या सभासदांची यादी चोरीस गेली, नांवें फुटण्याची वेळ आली, आणि सभा मोडली. पावाच्या तुकड्यापेक्षां यादीचा कागद भारी ठरला.

पुढें तीस वर्षांनीं पुण्यास तोच प्रकार उघड्यावर झाला. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानास जमलेल्या चाळिसांच्यावर प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा आणि बिस्किटें आलीं. न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळकहि होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पति, यांनीं ही सारी हकीकत नांवांनिशीं 'पुणेंवैभवां'त प्रसिद्ध होईल अशी व्यवस्था केली, आणि शहरांत वणवा पेटला. शंकराचार्यांनीं चौकशीसाठीं कमिशन नेमलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल सोसले. एका पेल्याभोंवतीं दोन वर्षें वाद चालला. वाचतांना आज हंसूं येतें. परंतु ज्यांच्या घरीं लग्नकार्यें अडलीं, भटजी येईनासे झाले, त्यांस तें हंसण्यासारखें नव्हतें.

इकडे मुंबईंत मात्र निराळीच घडामोड चालली होती. १८५६ पासून गिरण्या सुरू झाल्या आणि कोंकणांतून, घाटावरून पुरुषांचे लोंढे शहरांत येऊं लागले. बायकामुलें गांवीं, आणि येथें एका खोलींत दहा-पंधरा जण पाळीपाळीनें झोंपावयाचे. त्यांच्यासाठीं चाळींतल्याच एखाद्या बाईनें, बहुधा विधवा किंवा नवऱ्याची मिळकत अपुरी पडणारी, आपल्या चुलीवर आणखी दहा जणांचा स्वयंपाक करावयास घेतला. आणि गिरणगांवची खाणावळ जन्मास आली. पहाटे पहिल्या पाळीच्या आधीं भाकरी तयार पाहिजे. रात्रपाळीवाला परतला कीं त्याचें पान निराळें. पैसे महिन्याच्या पगारावर. मध्यंतरीं पीठ, डाळ, रॉकेल उधारीनें आणावयाचें, आणि तेंहि कोणाकडून, तर व्याजबट्ट्याच्या सावकाराकडून. गिऱ्हाईक आजारी पडला कीं त्याच्यापुरती पेजहि तीच करी. ओव्हेर्न्यच्या त्या कोळसेवाल्याच्या बायकोचें आणि परळ-लालबागच्या खाणावळवाल्या बाईचें चरित्र एकमेकींस ठाऊक नसतां इतकें सारखें व्हावें, याचें मला नेहमीं आश्चर्य वाटतें.

तथापि एक फरक होता, आणि तो लहान नव्हता. गिरणगांवच्या खाणावळींत जेवणारा बहुधा तिच्याच तालुक्याचा, पुष्कळदां तिच्याच गांवचा, आणि प्रायः तिच्याच जातीचा असे. चवीच्या दृष्टीनें हें साहजिक आहे. मालवणी माणसास घाटावरचा रस्सा गोड कसा लागावा? परंतु चवीच्या आड जातहि बसली होती. या खाणावळींत उधारी होती, माया होती, आजारपणांतली पेज होती. आमच्या बिस्त्रोला शेजार होता. परक्यासाठीं खुर्ची नव्हती. नागपुरांत कोष्टी विणकरांच्या वस्त्यांतून ज्या सावजी खाणावळी पुढें प्रसिद्धीस आल्या, त्यांची सुरुवातहि अशीच आपल्या माणसांपुरती, घरच्या चुलीवर झाली. आज तो तिखट रस्सा खावयास सर्व थरांतील लोक तेथें डोळे पुसत बसलेले दिसतात.

परक्यासाठीं खुर्ची मांडली ती इराण्यानें. इराणांतील यझ्द आणि केरमान या भागांतून आलेले हे झरतुष्ट्री लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं मुंबईंत चहाचीं दुकानें काढूं लागले. धोबीतलावावरचें कयानी १९०४ चें, ग्रँटरोडचें मेरवान १९१४ चें, बॅलर्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चें. चार वाटांच्या तोंडावरची कोपऱ्याची जागा हिंदु व्यापारी अशुभ मानीत, ती इराण्यानें घेतली असें सांगतात. कारण कांहीं असो, कोपऱ्याच्या दुकानास दोन रस्त्यांचें गिऱ्हाईक मिळालें, आणि पॅरिसप्रमाणें येथेंहि कोपरा हेंच चहाचें ठिकाण ठरलें. संगमरवरी टेबल, वांकविलेल्या लांकडाच्या काळ्या खुर्च्या, मस्कापाव आणि घोट घोट पुरवावयाचा गोड चहा. इराणी येथल्या जातींच्या उतरंडींत कोठेंच बसत नव्हता. म्हणून त्याच्याकडे बसणारासहि उतरंड विसरतां येई. सनातनी घरांतील मुलें घरीं न सांगतां तेथें जात, आणि न सांगण्यांतच अर्धी चव असे.

मराठी गृहस्थांच्या उपाहारगृहांची परंपराहि याच काळांतली. दादरचें मामा काणे यांचें स्वच्छ उपाहारगृह १९१० सालचें. दक्षिणेकडून उडुपीचे लोक आले. त्यांच्यापैकीं रामा नायक यांचें माटुंग्याचें बोर्डिंग १९४२ मध्यें निघालें. घरदार सोडून आलेला मनुष्य दुसऱ्या घरदार सोडून आलेल्या मनुष्यास जेवूं घालतो, हा या धंद्याचा पॅरिसपासून माटुंग्यापर्यंतचा अनुभव आहे.

येथवरची सर्व हकीकत स्पृश्यांची झाली. ज्यास अस्पृश्य म्हणत त्यानें खाणें विकणें, ही गोष्ट तर कल्पनेच्याहि पलीकडची होती. ती कोल्हापुरास घडली. गंगाराम कांबळे हे छत्रपति शाहूमहाराजांच्या तबेल्यांत नोकर होते. वरिष्ठ जातीच्या नोकरांच्या पाण्याच्या हौदास शिवल्याच्या आरोपावरून त्यांस मारहाण झाली. महाराज परगांवीं होते. ते परतल्यावर गंगारामांनीं पाठीवरचे वळ दाखविले. महाराजांनीं मारणारांस शासन केलें, आणि गंगारामांस सांगितलें कीं, तूं आतां नोकरीच करूं नकोस. स्वतःचा धंदा कर. भांडवलहि दिलें. त्या पैशांतून भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नांवाचें चहाचें हॉटेल निघालें. हें १९१८ च्या सुमारास झालें.

हॉटेल स्वच्छ होतें, चहा चांगला होता, आणि गिऱ्हाईक येत नव्हतें. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? ही हकीकत महाराजांच्या कानीं गेली. त्यांनीं त्यावर हुकूम काढला नाहीं. ते आपली गाडी त्या रस्त्यानें घेऊन निघाले, हॉटेलापुढें ती थांबविली, आणि गंगारामांस हांक मारून चहा मागितला. स्वतः घेतला, बरोबर असलेल्या वरिष्ठ जातीच्या मंडळींसहि घ्यावयास लावला. असें एकदांच नव्हे, अनेकदां झालें असें सांगतात. राजानें प्याल्यावर दरबाऱ्यांस नाहीं म्हणण्याची सोय उरली नाहीं, आणि दरबारी प्याले असें पाहिल्यावर शहराचाहि विरोध हळूहळू ढिला झाला. १९१९ सालीं महाराजांनीं दवाखाने, शाळा इत्यादि सार्वजनिक ठिकाणीं अस्पृश्यता पाळूं नये असे हुकूम काढले. ते महत्त्वाचे खरेच. परंतु त्यांच्या आधीं रस्त्यावर उभा राहून मागितलेला तो चहाचा कप मला अधिक मोलाचा वाटतो. हुकूम पाळतां येतो, तसा चुकवितांहि येतो. धन्यानें पुढें केलेला कप चुकविणें कठीण.

त्यानंतरचीं पावलें भराभर पडलीं. आमच्या वर्ध्यास जमनालालजी बजाजांनीं १९२८ सालीं लक्ष्मीनारायणाचें मंदिर सर्वांस खुलें केलें. रत्नागिरीस १९३३ मध्यें सावरकरांच्या पुढाकारानें अखिल हिंदु उपाहारगृह निघालें व तेथें त्या काळच्या अस्पृश्य मनुष्याच्या हस्तें पदार्थ देण्याची व्यवस्था झाली. त्याच्या नांवांतच त्याची व्याप्ति आणि तिची सीमा दोन्ही दिसतात. १९३६ सालीं महात्मा गांधी शेगांवास राहावयास आले. याच गांवाचें नांव पुढें सेवाग्राम झालें. तेथील आश्रमाच्या स्वयंपाकघरांत सर्व जातिधर्मांचीं माणसें एका पंगतीस बसत. जेवण बेताचें, मिठामसाल्याशीं वैर असलेलें. बिस्त्रोच्या भोक्त्यानें तेथें दुसऱ्यांदा पान मांडलें नसतें. परंतु हिंगणीपासून एका दिवसाच्या चालीवर ही पंगत बसत होती, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

१९४७ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत अनुसूचित जातींच्या नागरिक निर्बंधांविरुद्ध कायदा झाला. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा स्पष्ट उल्लेख करून तेथें जातिधर्मावरून कोणास मज्जाव करतां येणार नाहीं असें सांगितलें गेलें. घटनेसारख्या गंभीर ग्रंथांत हॉटेलाचें नांव कां यावें, असें एखाद्या परदेशी वाचकास वाटेल. आपल्याला वाटूं नये. इतकेंहि पुरें पडलें नाहीं. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यांत, उपाहारगृहांत ठेवलेलीं भांडीं वापरूं न देणें हाहि गुन्हा म्हणून वेगळा नमूद करावा लागला. कारण आंत येऊं दिलें तरी कपबशी वेगळी ठेवण्याची युक्ति शिल्लक होती. दांडी तुटलेला कप बाहेर वळचणीला खुंटीवर टांगलेला. त्याचा मालक येईल, तो उतरवून विसळील, चहा वरून ओतून घेईल, आणि पिऊन पुन्हां विसळून तेथेंच टांगील. कायद्याच्या भाषेंत या सगळ्यास 'भांडीं' असा एकच शब्द आहे.

गिरणगांवच्या खाणावळवाल्या बायांची हकीकत वर अर्धी राहिली. सावकाराच्या व्याजांत अडकलेल्या या बायांस एकत्र करून १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. बँकांचें राष्ट्रीयीकरण १९६९ सालीं झालेलें होतेंच. तारण कांहीं नाहीं, सही अंगठ्याची, अशा बायांस बँकेनें कर्ज द्यावें म्हणून मंडळानें खटपट केली, आणि तें मिळालें. बायांनीं तें फेडलेंहि. त्यांच्यापुढचें खरें संकट निराळ्याच बाजूनें आलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला, खाणावळीचें महिन्याचें देणें तुंबलें, आणि पुष्कळ जेवणारे तें तसेंच ठेवून गांवीं परतले. यांत लुच्चेगिरी फार थोडी होती, निरुपाय पुष्कळ होता. ज्यांनीं जेवूं घातलें त्यांनींहि तें ओळखलें. पण वाण्याचा हिशेब त्यांना चुकता करावाच लागला. गिऱ्हाइकावर विश्वास ठेवणारा धंदा गिऱ्हाइकाबरोबरच बुडतो.

आणि हिंगणी? बोरचें जंगल १९७० सालीं अभयारण्य झालें, २०१४ पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे, आणि नागपूर-वर्ध्याकडचीं कुटुंबें वाघ पाहावयास या वाटेनें जातात. वाटेवर चहा घेतात, जेवतात; त्यांस कोणी जात विचारीत नाहीं, कारण तीं परकीं असतात आणि पैसे देऊन निघून जातात. परक्याचा प्रश्न एवढ्यापुरता सुटला. परंतु अशा कोणत्याहि लहान गांवीं रोजचें गिऱ्हाईक परकें नसतें. टपरीवाल्यास प्रत्येकाचें आडनांव ठाऊक, घर ठाऊक, वस्ती ठाऊक. पॅरिसच्या बिस्त्रोंत अनोळखी माणसास ओळख नसल्यामुळें जागा मिळते. गांवांत ती ओळख असतांना मिळावी लागते, आणि तें जास्त अवघड आहे. म्हणून या वाटेवरच्या चहाच्या टपरीची पारख वाघ पाहावयास आलेल्या पाहुण्यावरून करूं नये. सकाळीं कामावर जातांना तेथें थांबणारा, गांवाच्या टोंकाच्या वस्तींतला मनुष्य बाकावर बसून चहा पितो कीं उभ्यानें, आणि त्याचा पेला कोणत्या बादलींत विसळला जातो, तें पाहावें.